प्रिंटरची किंमत नव्हे, पानाचा खर्च पाहा

संपादक महोदय,

प्रिंटर घेताना बहुतेक जण यंत्राच्या किमतीवर निर्णय घेतात. खरा खर्च शाईचा, आणि तो खरेदीआधी मोजता येतो. कार्ट्रिजच्या किमतीला ती किती पाने देते त्या आकड्याने भागले की एका पानाचा खर्च कळतो. रंगीत पानासाठी काळी, निळी, गुलाबी आणि पिवळी या चारही शायांचा असा हिशेब काढून बेरीज करावी. स्वस्त यंत्र या हिशेबात अनेकदा महाग पडते.

पण हा पानांचा आकडा जसाच्या तसा धरू नये. इंकजेटसाठी (पातळ शाईचा प्रिंटर) आयएसओ २४७११ आणि एकरंगी लेझरच्या टोनरसाठी (त्याची भुकटीरूपी शाई) आयएसओ १९७५२ या आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे तो ठरतो. लेझरच्या चाचणीतील पानाचा जेमतेम पाच टक्के भाग काळा होतो; भरगच्च तक्ते किंवा फोटो छापणाऱ्याला तेवढी पाने मिळणार नाहीत. शिवाय चाचणीत पाने सलग छापतात. घरी चार पाने छापून प्रिंटर आठ दिवस बंद राहतो, मग इंकजेट सुरू होताच हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, साफ करण्यासाठी शाई ओढतो. कमी छापणाऱ्याची बरीच शाई कागदावर न उमटताच संपते ती अशी.

म्हणून ज्यांची छपाई थोडी आणि काळी-पांढरी आहे, त्यांनी एकरंगी लेझरच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. टोनर ही कोरडी भुकटी. महिनोन्महिने पडून राहिली तरी वाळून बसत नाही. ड्रम, म्हणजे टोनर कागदावर उमटवणारा दंडगोल, टोनरमध्येच आहे की वेगळा बदलावा लागतो, एवढे विचारून घ्यावे. लेझर तापताना एकदम जास्त वीज ओढतो, त्यामुळे तो संगणकाच्या यूपीएसवर जोडू नये. नियमित रंगीत छपाई असेल तर इंक टँक, म्हणजे बाटलीने शाई भरायच्या टाकीचा इंकजेट, परवडतो. तीन रंग एकाच कार्ट्रिजमध्ये असलेला इंकजेट मात्र टाळावा: पिवळा संपला की उरलेल्या दोन रंगांसह सगळी कार्ट्रिज फेकावी लागते.

इंकजेट नेहमी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावा. तेव्हाच हेड जागेवर जाऊन झाकले जाते. थेट भिंतीवरचा स्विच बंद केला तर ते उघडे राहून वाळू शकते. पानावर रेघा आल्या तर आधी नोझल चेक, म्हणजे हेडची छिद्रे तपासण्याचा नमुना, छापावा. तुटक रेषा दिसल्या तरच क्लीनिंग, तेही लागोपाठ दोनदाच. नंतर काही तास थांबून पुन्हा तपासावे, कारण अडकलेली हवा बरेचदा तेवढ्यात सुटते. सलग सात-आठ वेळा क्लीनिंग केल्याने टाकीतली शाई नुसती खालच्या स्पंजमध्ये जाते. तो स्पंज भरल्याची नोंद झाली की बरेच प्रिंटर छापणेच थांबवतात. काही मॉडेलमध्ये हा भाग ग्राहकाला स्वतः बदलता येतो. तसेच मॉडेल निवडावे.

नव्या यंत्रासोबतची कार्ट्रिज पुष्कळदा कमी भरलेली असते. ती किती पाने देईल आणि शाईचा स्पंज घरी बदलता येतो का, या दोन गोष्टी कंपन्यांनी खोक्याच्या दर्शनी बाजूला, छपाईच्या वेगाइतक्याच ठळक अक्षरांत छापाव्यात. तसा नियम झाला पाहिजे.

– एक वाचक