शनिवारी येतोय, काटा घेऊन

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

शनिवारी ओवीला घेऊन साताऱ्याला येतोय. फोनवर आई रडते आणि बोलणं अर्धवट राहतं, म्हणून लिहितोय.

दोन औषधं पूर्ण डोसमध्ये देऊनही आकड्या थांबेनात, तेव्हा डॉक्टरांनी ओवीला हा कीटोजेनिक आहार, म्हणजे भरपूर तूप-साय आणि अगदी कमी पिष्ट-साखर, सुरू केला. बाबा, हे वजन उतरवायचं खूळ नव्हे. उपाशीपोटी फिट कमी येतात हे जुन्या लोकांना ठाऊक होतं. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. वाइल्डर यांनी जेवूनखाऊन तोच परिणाम साधायची ही युक्ती सुचवली. पुढे आकडीवरच्या फेनिटॉइनच्या गोळ्या आल्या आणि ती मागे पडली.

ओवीच्या ताटात चार ग्रॅम स्निग्धांशामागे पिष्ट आणि प्रथिनं मिळून एक ग्रॅम. रेणू काट्यावर साय मोजते, जरा जास्त पडली तर चमच्याच्या टोकाने काढते. जेवण झालं की वाटीला चिकटलेलं तूपही निपटून ओवीला चाटवते, कारण तेही हिशेबातलं.

दिवसाला सात-आठ यायच्या, आता आठवड्याला एखादी. सगळ्यांना असं लागू पडत नाही. २००८ च्या लंडनच्या चाचणीत तीन महिन्यांनी शंभरातल्या ३८ मुलांच्या आकड्या निम्म्याहून खाली आल्या, आहार न दिलेल्यांत सहाच जणांच्या. गोळ्याही चालूच आहेत, त्या बंद करा म्हणू नका.

धोके आहेतच. पोट साफ होत नाही, मुतखडा होऊ शकतो, कोलेस्टेरॉल वाढतं, उंची खुंटू शकते. म्हणून भरपूर पाणी, कॅल्शियम, जीवनसत्त्वं आणि ठरावीक काळाने रक्त-लघवी. काही मुलांच्या शरीराला जन्मतःच चरबी वापरता येत नाही, त्यांच्या हे जिवावर बेततं. ते तपासूनच आपण सुरू केलं. तेव्हा आई, शेजारच्या काकूंना नातवासाठी ‘तुपाचा उपाय’ सांगू नकोस गं.

चूक माझ्याकडूनही झाली. खोकल्याचं गोड औषध न वाचता दिलं. संध्याकाळी लघवीची पट्टी (शरीर चरबी जाळतंय की नाही ते रंगावरून दाखवते ती) फिकी पडली, पहाटे आकडी आली. म्हणून कंदी पेढ्याचा कण नको, देवाच्या प्रसादाचाही नको. कधी दवाखान्यात न्यावं लागलंच, तर ग्लुकोजचं सलाईन लावण्याआधी तिच्या आहाराचं सांगा.

गुळाचा डबा फडताळातून काढून माळ्यावर ठेव. जागा तिला पाठ आहे.

तुमचा,
संदीप