‘परवानगी नाकारली’ यावर ७७७ हा उपाय नव्हे

महोदय,

लिनक्स, विंडोज आणि मॅकओएस यांच्यात फाइल्सची देवाणघेवाण करताना ‘परवानगी नाकारली’ असा संदेश आला की ‘सरळ ७७७ परवानगी (म्हणजे फाइल वाचण्याची, बदलण्याची आणि चालवण्याची सर्वांना मुभा) देऊन टाका’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो घातक आहे, कारण त्यामुळे खासगी फाइलही त्या संगणकाच्या इतर वापरकर्त्यांना वाचता आणि बदलता येऊ शकते.

लिनक्स डिस्कवर मालकाचे नाव नव्हे, तर क्रमांक नोंदवते. उबुंटूवर पहिल्या वापरकर्त्याचा क्रमांक सहसा १००० असतो, तर मॅकओएसवर ५०१; त्यामुळे नाव तेच असूनही दुसरा संगणक त्याच माणसाला परका समजतो. अशा वेळी फाइलची मालकी बदलणे हाच योग्य मार्ग आहे. फाइल्स साठवण्याच्या ‘एक्सफॅट’ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर तर मालक आणि परवानगी यांची अशी नोंदच नसते, म्हणून मालकी जपण्याचा पर्याय निवडून प्रत केली की त्रुटी दिसते, मजकूर मात्र बहुधा नीट उतरलेला असतो. परवानग्या टिकवायच्याच असतील, तर आधी सर्व फाइल्सचा ‘टार’ संग्रह (परवानग्यांसह सर्व फाइल्स एकत्र बांधणारी एकच फाइल) करून तो न्यावा.

विंडोजच्या ‘एनटीएफएस’ पद्धतीच्या डिस्कवर लिहिता येत नसेल, तर मात्र आधी वेगळीच तपासणी करावी. मॅकओएस ती मुळातच केवळ वाचण्यासाठी जोडते. आणि विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ (पुन्हा लवकर सुरू व्हावे म्हणून विंडोज पूर्णपणे बंद न करणारी सोय) चालू असेल, तर लिनक्सही अनेकदा तसेच करते. तेथे परवानग्या बदलत बसणे व्यर्थ असते. लिनक्ससाठी विंडोजमधील ती सोय बंद करून संगणक पूर्णपणे बंद करावा लागतो.

आपल्या तंत्रज्ञानविषयक सदरात याची सविस्तर माहिती द्यावी, ही विनंती.

– एक वाचक