परीक्षेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या पायऱ्या

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. ऊसतोड कामगाराच्या मुलीला आयआयटीत प्रवेश मिळण्याची शक्यता खरोखर किती, असे तू विचारले आहेस. त्याचे उत्तर दोन ओळींत देणे मला जमले नाही, म्हणून सवडीने लिहीत आहे.

आयआयटीच्या वाटेवरची पहिली प्रवेशपरीक्षा जेईई मेन, तिला दरवर्षी १० लाखांहून अधिक मुले बसतात, त्यांतून अडीच लाख मुले दुसऱ्या परीक्षेसाठी, म्हणजे जेईई ॲडव्हान्स्डसाठी पात्र ठरतात आणि २३ आयआयटींतल्या जागा सुमारे १८ हजार आहेत. हे आकडे पाहून छाती दडपते हे खरे. पण तू पाठवलेल्या त्या मुलीच्या गणिताच्या वह्या मी दोनदा वाचल्या आणि तिच्या बुद्धीविषयी माझ्या मनात शंका उरली नाही. मला धास्ती आहे ती परीक्षेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या पायऱ्यांची, जिथे शिकल्यासवरल्या घरातल्या मुलाचा हात धरायला कोणीतरी असते आणि आपल्या मुलांचा धरायला कोणी नसते.

भाषेचेच पाहा. जेईई मेनचा पेपर मराठीत घेता येतो, ॲडव्हान्स्डचा मात्र फक्त इंग्रजी आणि हिंदीत असतो. म्हणून तिने आजपासूनच इंग्रजीतली उदाहरणे सोडवावीत. मेनपुरता मराठीचा आधार घेऊन पुढे मे महिन्यात ॲडव्हान्स्डला अडखळणे परवडणार नाही.

सर्वांत अवघड पायरी दाखल्याची. तिच्याकडे भटक्या जमाती (ड) प्रवर्गाचा दाखला आहे असे तू लिहितोस. हा प्रवर्ग राज्याचा आहे, केंद्रात तो नाही. तिचा वंजारी समाज केंद्राच्या यादीत ओबीसीत येतो. आयआयटीसाठी केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी नॉन-क्रीमी लेयर दाखला (म्हणजे कुटुंब ओबीसींतल्या सधन गटात मोडत नाही असा दाखला) लागतो, आणि तोही परीक्षेच्या वर्षी १ एप्रिलला किंवा त्यानंतर काढलेला. माझ्या वेळी एका कार्यालयाने राज्याच्या नमुन्यातला कागद माझ्या हाती दिला, तो मी विश्वासाने जोडला आणि पडताळणीत माझी गणना खुल्या प्रवर्गात झाली. ते वर्ष मला अजून सलते. तिच्या बाबतीत असे होऊ नये, एवढ्यासाठीच मी हे इतके विस्ताराने लिहीत आहे.

फीचे भय मात्र तिच्या वडिलांच्या मनातून काढून टाक. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर आयआयटीत शिकवणी शुल्क पूर्ण माफ होते, १ ते ५ लाखांपर्यंत दोन तृतीयांश माफ होते. खरी अडचण आधीच्या रकमेची आहे, जी जागा मिळाल्यावर ती पक्की करण्यासाठी थोड्याच दिवसांत भरावी लागते. २०२४ साली मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका रोजंदारी मजुराच्या मुलाला आयआयटी धनबादमध्ये जागा मिळाली होती. १७,५०० रुपये जमवेपर्यंत वेळ संपली आणि जागा गेली. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा न्यायालयाने ३० सप्टेंबरला राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खालचा विशेष अधिकार वापरून त्याच्यासाठी जादा जागा निर्माण करण्याचा आदेश दिला. त्याला न्याय मिळाला याचा मला मनापासून आनंद आहे, पण किती मुले दिल्लीपर्यंत पोचतात?

मुलींसाठी २०१८ पासून आयआयटीत अधिसंख्य, म्हणजे नेहमीच्या जागांखेरीज जादा जागा आहेत, हेही तिला सांग. पसंतिक्रम भरताना तिने केवळ मुंबई आणि दिल्लीची नावे लिहून थांबू नये. यादी लांब असू दे, आणि पहिल्या फेरीत मनासारखे मिळाले नाही तरी मिळालेली जागा धरून 'फ्लोट' निवडावे, म्हणजे पुढच्या फेरीत वरच्या पसंतीची जागा मिळाली तर ती घेता येते. बारावीत ७५ टक्के हवेत हे तिला ठाऊक असेलच.

आता तुझ्याकडे एक मागणे आहे. दिवाळीनंतर तिचे आईवडील टोळीबरोबर कारखान्यावर जातील आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपेपर्यंत परतणार नाहीत. त्यांनी निघण्यापूर्वी वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला आणि उत्पन्नाचे कागद त्यांच्याकडून घेऊन तुझ्या कपाटात ठेव, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिला घेऊन स्वतः सेतू केंद्रात जा. जागा पक्की करण्याच्या रकमेची तजवीज मी केली आहे. निकालाच्या आधीच ती तुझ्या खात्यात जमा करीन, म्हणजे त्यासाठी तिच्या वडिलांना मुकादमाकडून आणखी उचल घ्यावी लागणार नाही.

वहिनींना नमस्कार. तिच्या पुढच्या सराव परीक्षेचे गुण कळव.

तुझा मित्र

पुणे