ओढण्याचा आकडा छापता, पाठीवरच्या वजनाचाही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतल्या मोठ्या पिकअप ट्रकांवरचा लेख वाचला. चांगला होता, पण दोन गोष्टींवर लिहिल्याशिवाय राहवेना. एक म्हणजे, या गाड्या निव्वळ मिरवायला घेतात, असा त्यातला सूर. दुसरी, ‘नऊ टन ओढणारी गाडी’ हा चौकटीत ठळक छापलेला आकडा. पहिलं अर्धंच खरं आहे. दुसरं वाचून एखादा तरुण मुलगा चांगला गोत्यात येईल. माझ्या भाच्याने त्याच चौकटीचा फोटो मला पाठवला आणि विचारलं, ‘मावशी, एवढी ताकद असेल तर आपल्याकडे अशी गाडी घेऊन ऊस का वाहू नये? एरवी घरच्यांना फिरवायलाही होईल.’ त्याला फोनवर सांगितलं ते सगळ्यांनाच सांगावं म्हणून हे पत्र.

मी मूळची फलटणची. टेक्सासमध्ये फ्रेडरिक्सबर्गजवळ, हिल कंट्री म्हणतात त्या खडकाळ भागात आम्ही शेळ्या पाळतो, बोअर जातीच्या. फलटणकरांना ही शेळी नवी नाही, आपल्याच निंबकर संस्थेने ती भारतात आणली. शेळ्या विकायला सॅन अँजेलोच्या बाजारात न्यायच्या, पाऊस हुकला की लांबून गवताच्या गाठी आणायच्या, आणि यातलं काही नसेल त्या दिवशी त्याच गाडीने मुलीला शाळेत सोडून किराणा आणायचा. नवऱ्याची छोटी गाडी त्याच्या ड्युटीला जाते. म्हणजे ओढायला आणि रोज वापरायला माझ्याकडे एकच गाडी आहे, एक टनी हेवी-ड्यूटी पिकअप. मिरवायला वेळ कुठला!

इथे पिकअपची वर्गवारी अर्धा टन, पाऊण टन, एक टन अशी बोलली जाते. कधीकाळी हौद्यात तेवढा माल बसायचा म्हणून ही नावं पडली, आजच्या गाड्या त्याहून पुष्कळ जास्त घेतात. फोर्डची एफ-150 अर्ध्या टनातली, एफ-250 आणि रॅम 2500 पाऊण टनातल्या, एफ-350 आणि रॅम 3500 एक टनातल्या. हेवी-ड्यूटी म्हणतात ती पाऊण टनापासून पुढची.

आता तो नऊ टनांचा आकडा. तो खोटा नाही. ओढण्याची क्षमता ठरवायची, एसएई या वाहन अभियंत्यांच्या संघटनेची, जे-2807 नावाची प्रमाण पद्धत आहे. ॲरिझोनातल्या डेव्हिस धरणापासूनचा अकरा मैलांहून लांब चढ त्यासाठी धरलेला आहे. कडक उन्हाळा, एसी पूर्ण चालू, मागे ट्रेलर, आणि वेग ठरलेल्या मर्यादेखाली येऊ द्यायचा नाही. परीक्षा कठीणच म्हणायची. पण त्या हिशेबात गाडीत माणसं दोनच धरतात, चालक आणि शेजारी एक, प्रत्येकी 150 पौंडांचे, म्हणजे 68 किलोंचे. मागच्या सीटवरची पोरं, हौद्यातली अवजारांची पेटी, पाण्याचं पिंप यांचं वजन त्यात कुठेच नाही.

खरी गोम पुढे आहे. ट्रेलरचं सगळं वजन ट्रेलरच्या चाकांवर नसतं, काही भाग गाडीच्या पाठीवर बसतो. मागच्या बंपरखालच्या हिचला, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या जोडाला, जोडलेला ट्रेलर असेल तर एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के. हौद्यात, मागच्या आखाच्या वर बॉल बसवून गूसनेक ट्रेलर जोडला तर 15 ते 25 टक्के. गाडीच्या पाठीवर किती चालेल, ते जाहिरातीत ठळक कुठेच दिसत नाही. चालकाचं दार उघडलं की चौकटीवर एक छोटं स्टिकर असतं, त्यावर ते लिहिलेलं असतं: माणसं आणि सामान मिळून वजन इतक्याच्या वर जाता कामा नये.

माझ्याच कामाचा हिशेब मांडते. गवताची एक गोल गाठ साधारण 500 किलोंची. दहा गाठी पाच टन, गूसनेक ट्रेलर स्वतः दोन टन, असे झाले सात. चौकटीत तर नऊ टन छापलंय, म्हणजे दोन टन शिल्लकच! आता सातचे 20 टक्के काढा. 1,400 किलो गाडीच्या पाठीवर. पाऊण टनी, चार दारांची, डिझेल इंजिनाची, सगळ्या सुखसोयींनी भरलेली गाडी घेतली, तर तिच्या दारावरचा आकडा बहुधा हजार किलोंच्या आसपास असतो. त्यातून मी, मुलगी आणि अवजारं वजा करायची ती वेगळीच. म्हणजे ओढायच्या आकड्यात दोन टनांची सोय दिसते, तेव्हा पाठीवर चारशे-पाचशे किलो जास्त झालेले असतात. इंजिन हे ओढेल, चढावर कुरकुरणारसुद्धा नाही. म्हणून तर माणूस फसतो. भोगतात ते टायर, पाटे, मागचा आख आणि ब्रेक, आणि त्यांचं दुखणं चालकाला कळतं ते उतारावर.

आमच्या शेजारी एक वयस्कर रँचर आहेत, इथे 1846 साली वस्ती केलेल्या जर्मन लोकांच्या वंशातले. गाडी बघायला जाताना ते सोबत आले होते. विक्रेता बॉनेट उघडून इंजिनाचं कौतुक सांगत होता, आणि हे डोळ्यांना चष्मा लावून एकेका गाडीचं दार उघडून स्टिकर वाचत होते. एकाच नावाच्या, एकाच रंगाच्या दोन गाड्यांच्या आकड्यांत शेकडो पौंडांचा फरक निघाला, कारण एकीत सनरूफ, मोठं इंजिन, भारी सीटा. कंपनी चढवते त्या प्रत्येक सोयीचं वजन मालातून कापलं जातं.

त्यांनीच मला वजनकाट्यावर न्यायला शिकवलं. ऊस पट्ट्यातल्या माणसाला वजनकाटा सांगायला नको. इथे ट्रकवाल्यांच्या थांब्यांवर ‘कॅट स्केल’ नावाचे काटे असतात, ते पुढचा आख, मागचा आख आणि ट्रेलर यांचं वजन वेगवेगळं देतात. आधी नुसती गाडी काट्यावर घ्यायची, मग भरलेला ट्रेलर जोडून. गाडीच्या दोन्ही आखांवर जेवढं वाढलं तेवढं तिच्या पाठीवर आलं. अंदाजपंचे काही राहतच नाही.

शेळ्यांची वाहतूक गवताहून नाजूक, कारण माल जिवंत असतो आणि सरकतो. सगळ्या शेळ्या ट्रेलरच्या मागच्या टोकाला गोळा झाल्या की हिचवरचा भार कमी होतो आणि ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. म्हणून मधली फाटकं लावून जड जनावरं पुढे ठेवायची, साठ टक्के वजन ट्रेलरच्या आखाच्या पुढे. तरीही ट्रेलर झुलायला लागला तर पायातला ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग उलटसुलट फिरवायचं नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि डॅशबोर्डवरच्या कंट्रोलरने फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने हळूच लावायचे. ट्रेलर मागे ताणला जातो आणि सरळ होतो. हे मी मोकळ्या मैदानात शिकून घेतलं, मगच मला हायवेवर जाऊ दिलं. टेक्सासमध्ये साधारण दोन टनांवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात, तसा कायदाच आहे.

एकाच गाडीकडून दोन्ही कामं करून घ्यायची म्हटल्यावर निवड कशी केली, तेही सांगते. मागे चार चाकांची, जिला इथे ड्यूली म्हणतात, ती ओढायला सगळ्यात स्थिर. पण ती इतकी रुंद की शाळेच्या रांगेत आणि बाजारातल्या पार्किंगमध्ये रोज जीव टांगणीला. म्हणून मागे दोनच चाकांची, पण एक टनी घेतली. डिझेलऐवजी पेट्रोल घेतलं. डिझेल इंजिनं बनवणारी कमिन्स हे नाव पुण्याच्या माणसाला कोथरूडमुळे घरचंच आहे, 1962 पासून किर्लोस्करांच्या जोडीने ते पुण्यात आलं. 1989 च्या मॉडेलपासून डॉजच्या पिकअपमध्ये त्यांचं डिझेल बसायला लागलं आणि या गाड्यांची रीतच बदलली. रोज लांब अंतर जड ओढणाऱ्याने डिझेलच घ्यावं. उतारावर त्याच्या एक्झॉस्ट ब्रेकसारखं सुख नाही. दिवे घाट उतरताना वडील ट्रक खालच्या गिअरमध्ये टाकून इंजिनावर धरायचे, तेच काम तो बटणावर करतो. पण डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो, आणि ती जाळायला गाडी चांगली तापेपर्यंत चालावी लागते. घर ते शाळा, शाळा ते दुकान एवढ्यावर डिझेल वापरलं तर फिल्टर तुंबतो. शिवाय डिझेल इंजिन जड, त्यामुळे दारावरचा आकडा घटतो, आणि किंमत दहा हजार डॉलरच्या आसपास वाढते. माझ्या कामाला पेट्रोलचं 7.3 लिटरचं व्ही-8 पुरून उरतं.

आता रोजच्या वापराबद्दल. रिकामी हेवी-ड्यूटी गाडी म्हणजे ओझं उतरवलेला उधळा बैल. पाटे टनाच्या हिशेबाने बनवलेले, मागच्या टायरांत हवाही त्याच हिशेबाची, त्यामुळे मुरमाच्या रस्त्यावर मागचा भाग उड्या मारतो आणि पावसात सटकतो. चार दारांची गाडी एकवीस फुटांच्या आसपास लांब, पुष्कळशा घरांच्या गॅरेजात मावत नाही. मायलेजचं म्हणाल, तर शोरूममधल्या काचेवर त्याचा आकडा नसतोच. माल धरून एकूण 8,500 पौंडांच्या वर, म्हणजे सुमारे 3.85 टनांच्या वर जाणाऱ्या पिकअपला तो लावायची सक्ती नाही. विकत घेणाऱ्याला पंपावरच कळतं.

हे सगळं पैशाचं आणि सोयीचं झालं. मला झोप येऊ देत नाही ती गोष्ट वेगळी आहे. गाडीपुढे उभी राहिले तर बॉनेटची कड माझ्या छातीला लागते. माझी मुलगी बंपरजवळ उभी असेल तर सीटवरून मला तिचा केसही दिसत नाही. आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या रस्ता सुरक्षा संस्थेने 2023 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. बॉनेट 40 इंचांहून उंच असलेल्या गाड्यांनी पादचाऱ्याला धडक दिली तर त्याच्या मृत्यूची शक्यता, 30 इंच किंवा त्याहून बुटक्या आणि उतरत्या बॉनेटच्या गाड्यांच्या मानाने, सुमारे 45 टक्के जास्त असते. माझ्या गाडीचं बॉनेट त्या चाळीसच्या पुष्कळ वर आहे. पुढचा कॅमेरा आहे, तो मी वापरते, पण शाळेच्या आवारात गाडी हलवण्याआधी खाली उतरून चारी बाजूंनी फिरून येते. मागे रांग लागली तरी येते.

म्हणूनच आपल्या लेखातला तो सूर अर्धा खरा म्हटला. ज्यांच्या हिचला वर्षभर काहीच लागत नाही, असे लोकही या गाड्या घेतात. सहा हजार पौंडांवरच्या गाड्यांना धंद्याच्या नावाने करात सवलत मिळते, हेही त्यामागचं एक कारण. माझ्या मते हे सरळ सरळ चूक आहे. सुट्टीत एखादी बोट ओढायची असेल तर अर्ध्या टनाची गाडी पुरते, नाहीतर भाड्याने मिळते. ज्याच्या मागे दर आठवड्याला खरंच वजन असतं, त्यानेच ही गाडी रोज रस्त्यावर आणावी, आणि घरात छोटी गाडी मोकळी असेल त्या दिवशी हिला घरीच ठेवावी. आम्ही रविवारी तसंच करतो.

भाच्याला मी नाही म्हणून सांगितलं. उसाला ही गाडी नको. आपल्याकडचे रस्ते, गल्ल्या, घाटातली वळणं यांत एकवीस फुटी गाडी अधिक ट्रेलर बसतच नाही. आणि ओढण्याच्या ताकदीची आपल्याकडे कधीच टंचाई नव्हती. गाळप हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या आपण सगळेच बघतो. त्यातल्या कितीतरी ट्रॉल्यांना ना ब्रेक, ना मागे धड रिफ्लेक्टर. ओढणं जमतं, थांबणं जमत नाही, आणि रात्री मागून येणारा दुचाकीवाला त्यात जातो. माझे चुलते हंगामात ऊस वाहायचे. ते रात्री परत येईपर्यंत आजी ओसरीवरून उठायची नाही, हे मी पाहिलेलं आहे.

म्हणून एक विनंती. आता आपल्याकडेही मोठ्या पिकअप येत आहेत, टोयोटाची हायलक्स 2022 मध्ये आलीच. वाहन पुरवणीत अशा गाडीबद्दल लिहाल तेव्हा ताकदीच्या आकड्याशेजारी तीन आकडे तेवढ्याच ठळक टाइपात छापा: रिकाम्या गाडीचं वजन, मालासकट मंजूर एकूण वजन, आणि या दोहोंतला फरक. त्याच फरकात माणसं, माल आणि ट्रेलरचा पाठीवरचा भार हे सगळं बसवायचं असतं. मालवाहू गाडीच्या आरसीवर पहिले दोन्ही आकडे असतात, तिसरा वजाबाकीने निघतो. भाच्याला मी त्याच्या बोलेरो पिकअपची आरसी काढून ही वजाबाकी करायला लावली, आणि मग तो लग्नाच्या वऱ्हाडाला हौद्यात जितकी माणसं बसवतो त्यांची बेरीज करायला सांगितली. आता पुढच्या लग्नाला तो बस ठरवणार आहे.

आपली,
एक वाचक
(मूळ गाव फलटण, जि. सातारा, सध्या फ्रेडरिक्सबर्ग, टेक्सास)