सरसकट खापर लिनक्सवर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लिनक्स या संगणक प्रणालीवरील गेमिंगविषयी आपल्या तंत्रज्ञान पानावर अलीकडे आलेल्या लेखात, एकाहून अधिक मॉनिटर वापरणाऱ्यांनी या प्रणालीच्या वाटेला जाऊ नये, असा सल्ला दिला आहे. गेली काही वर्षे मी दोन मॉनिटरवर लिनक्स वापरतो आणि त्यावरच गेम खेळतो. लेखात वर्णन केलेला, गेममधील चित्र हिसके देण्याचा त्रास खरा आहे, तो मीही भोगला आहे. मात्र लिनक्समध्ये पडद्यावर चित्र दाखवण्याच्या दोन व्यवस्था आहेत, जुनी एक्स ११ आणि नवी वेलँड; वाचक यांपैकी कोणत्या व्यवस्थेवर आहे, हा पहिला प्रश्नच लेखात विचारलेला नाही.

एक्स ११ ही १९८७ सालची व्यवस्था आहे आणि तिच्या लेखी सारे मॉनिटर मिळून एकच मोठा पडदा असतो. त्यामुळे डावीकडे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, म्हणजे १४४ हर्ट्‌झचा आणि उजवीकडे ६० हर्ट्‌झचा मॉनिटर असला, की अनेकदा दोन्हींना संथ मॉनिटरच्या चालीने चालावे लागते; जे चित्र ६.९ मिलिसेकंदांनी बदलायला हवे, ते १६.७ मिलिसेकंदांनी बदलू लागते. माझ्याकडे उजव्या मॉनिटरवर व्हिडिओ सुरू असला, की डावीकडच्या शर्यतीतली गाडी प्रत्येक वळणावर हिसके देई आणि व्हिडिओ बंद करताच सुरळीत धावू लागे. ग्राफिक्स कार्डच बिघडले, अशा समजुतीने मी ड्रायव्हर दोनदा काढून पुन्हा बसवला, पण कार्डाचा त्यात काहीच दोष नव्हता. गेमच्या चालीनुसार मॉनिटरची गती बदलणाऱ्या फ्रीसिंकचेही तेच, एक्स ११ वर दुसरा मॉनिटर जोडला, की ते बहुधा चालतच नाही.

२००८ मध्ये सुरू झालेल्या वेलँडमध्ये प्रत्येक मॉनिटरला स्वतःची गती आणि स्वतःचे स्केलिंग (अक्षरे-चित्रांचा आकार) मिळते. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या केडीई प्लाझ्मा ६ या लिनक्सच्या डेस्कटॉपने वेलँड हीच मूळ निवड केली, तर त्याच वर्षी मार्चमध्ये ग्नोम ४६ या दुसऱ्या डेस्कटॉपने बदलत्या रिफ्रेश रेटची (फ्रीसिंकसारखी) सोय प्रायोगिक स्वरूपात दिली. एनव्हिडियाच्या कार्डांवर वेलँडमध्ये चित्र लुकलुकण्याची जी तक्रार होती, तीही २०२४ च्या ५५५ क्रमांकाच्या ड्रायव्हरपासून पुष्कळ कमी झाली. मी वेलँडवर गेलो त्या दिवशी गाडीचे हिसके थांबले, आणि उजवीकडचा व्हिडिओ तसाच चालू होता.

एवढे करूनही काही गोष्टी हाताने कराव्या लागतात. १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर जोडल्यावर तो अनेकदा ६० वरच सुरू होतो, आणि डिस्प्ले सेटिंग्ज उघडून गती बदलेपर्यंत हे ध्यानात येत नाही. प्रोटॉनवर (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या सोयीवर) चालणारे बहुतेक गेम एक्सवेलँडमार्गे, म्हणजे वेलँडमधील एक्स ११ च्या पुलावरून, धावत असल्याने, कोणता मॉनिटर प्राथमिक आहे हे ठरवले नाही, तर गेम भलत्याच मॉनिटरवर उघडू शकतो. १४४० आणि १०८० पिक्सेल उंचीचे दोन मॉनिटर वरच्या कडेने जुळवले, तर मोठ्याच्या तळाशी ३६० पिक्सेलची अशी पट्टी उरते, जिथून माउस पलीकडे सरकतच नाही. म्हणून सेटिंग्जमधील चौकटी टेबलावर मॉनिटर जसे ठेवले आहेत तशाच मांडाव्यात. खेळताना माउस दुसऱ्या मॉनिटरवर निसटत असेल, तर गेमला स्वतंत्र चौकटीत चालवणाऱ्या गेमस्कोप या प्रोग्राममधून गेम चालवून त्याला आत धरून ठेवता येते.

केबलबाबत एक गोष्ट लेखात यायलाच हवी होती. एचडीएमआय जोडणीचे मानक ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने २०२४ मध्ये एएमडीच्या मुक्तस्रोत ड्रायव्हरमध्ये एचडीएमआय २.१ ही वेगवान आवृत्ती आणण्यास नकार दिला, त्यामुळे एएमडीचे कार्ड असलेल्यांनी वेगवान मॉनिटर शक्यतो डिस्प्लेपोर्टनेच जोडावा. हा अडथळा कागदोपत्री परवानगीचा आहे, लिनक्सच्या कुवतीचा नाही.

लिनक्सवर सारे आपोआप जुळते, असा माझा दावा नाही. परंतु जे वाचक आज हिसक्यांना कंटाळून प्रणालीच बदलायला निघाले आहेत, त्यांनी आधी लॉगिनच्या पडद्यावर एक्स ११ आणि वेलँड यांपैकी कोणते सत्र निवडलेले आहे ते पाहावे, एवढी सूचना त्याच पानावर छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक