घरपोच आहाराची निविदा कोणाच्या सोयीची?

मा. संपादक,

पावसाळ्यात मेळघाट, नंदुरबारमधून बालमृत्यूंच्या बातम्या आल्या की कुपोषणाची चर्चा सुरू होते आणि बहुधा आईच्या अज्ञानापाशी येऊन थांबते. सहा महिने ते तीन वर्षांच्या बालकाला अंगणवाडीतून ‘टीएचआर’चे (‘टेक होम रेशन’, म्हणजे घरी नेऊन खायच्या आहाराचे) जे पाकीट मिळते, ते बनवण्याचे काम कोणाला आणि कोणत्या अटींवर मिळते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

अंगणवाडीच्या आहारपुरवठ्यात ठेकेदार नकोत, शक्यतो गावातील महिला मंडळे आणि बचत गटांना हे काम द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 7 ऑक्टोबर 2004 रोजीच बजावले होते. त्यानंतर आपल्याकडे कागदोपत्री महिला मंडळे आली; पण त्यांपैकी काहींच्या आडून खासगी कंपन्याच कारभार करीत असल्याचे अन्नहक्काच्या खटल्यात न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तांकडे 2012 मध्ये सादर झालेल्या अहवालात उघड झाले. पुढे 2016 च्या निविदेत तर लहान बचत गट आपोआप बाहेर पडावेत अशाच अटी होत्या आणि ती फेब्रुवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला रद्द करावी लागली. एवढी वर्षे हे चालते, याचा अर्थ फक्त प्रशासकीय गलथानपणा असा मी तरी लावू शकत नाही.

मोठ्या पुरवठादारांच्या बाजूने स्वच्छता, यंत्रसामग्री आणि सूक्ष्म पोषकद्रव्ये अशी कारणे दिली जातात, आणि ती अगदीच पोकळ नाहीत. परंतु केरळमध्ये ‘कुटुंबश्री’ या राज्य सरकारच्या बचत गट मोहिमेतील महिलांची दोनशेहून अधिक छोटी केंद्रे गहू, हरभरा, शेंगदाणे, सोया आणि साखर यांपासून ‘अमृतम न्यूट्रिमिक्स’ तयार करून अंगणवाड्यांना पुरवतात. तेथील महिलांना जमते ते ज्वारी-नाचणीच्या या राज्यातील महिलांना का जमू नये?

आदिवासी भागात पर्यवेक्षिका म्हणून काम करताना मी हे पाकीट घराघरांत उघडलेले पाहिले आहे. गरम पाण्यात कालवले की त्याच्या गुठळ्या होत, बाळ दोन घास घेऊन थुंकून टाकी आणि उरलेले पीठ शेळीपुढे जाई. अंगणवाडीच्या नोंदवहीत मात्र वाटप शंभर टक्के असे. पाकीट पोचले की पुरवठादाराचे देयक निघते, बाळाने ते खाल्ले की नाही याच्याशी त्याचा संबंध नसतो.

दराचेही तसेच. रोज 500 उष्मांक आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिने देण्यासाठी 2017 मध्ये बालकामागे दिवसाला 8 रुपये ठरले आणि पुढे वर्षानुवर्षे तोच दर राहिला. त्यातच धान्य, पॅकिंग, वाहतूक आणि नफा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 2015-16 मध्ये राज्यातील पाच वर्षांखालील 36 टक्के बालके कमी वजनाची होती आणि 2019-21 मध्येही हे प्रमाण 36.1 टक्के होते. शालेय पोषण आहारातील अंड्यासाठीचा निधी जानेवारी 2025 मध्ये थांबवून शाळांना लोकसहभागाचा मार्ग दाखवला गेला, तेव्हा कोणत्या खर्चाला कात्री लावणे राजकीयदृष्ट्या सोपे असते, हेही दिसले.

शासनाने पुढील निविदा जिल्ह्यांचे गट पाडून न काढता प्रकल्पनिहाय (अंगणवाड्यांच्या एकेका प्रकल्पापुरती) काढावी, पुरवठादार संस्थेमागील खऱ्या मालकांची नावे जाहीर करावीत आणि प्रत्येक खेपेचा प्रयोगशाळा अहवाल अंगणवाडीच्या फलकावर मराठीत लावणे बंधनकारक करावे. चव आणि शिजवण्याच्या सोयीबद्दल मातांचा अभिप्राय नोंदवल्याशिवाय देयक मंजूर होऊ नये, ही अटही त्यात असावी.

– एक निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिका, जि. पालघर