ड्रोनची हद्द यंत्रातच घाला : नागरी विमान वाहतूक राज्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय श्री. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री, यांस,

सविनय नमस्कार.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. या विमानतळाच्या कुंपणापासून १२ किलोमीटरपर्यंतच्या टापूत उलवे, पनवेल, खारघर, बेलापूर, नेरूळ अशी भरवस्ती येते. मुंबईच्या जुन्या विमानतळाभोवतीही तेवढेच अंतर मोजले, तर उपनगरांचा मोठा भाग त्यात येतो. लग्नाआधीचे चित्रीकरण, नव्या इमारतींच्या जाहिराती आणि विसर्जन मिरवणुका यांसाठी ड्रोन उडवले जातात ते याच वस्तीत. आपल्या पुण्यात तर लोहगावचा विमानतळ मुळात हवाई दलाचा तळ आहे, त्यामुळे हा विषय आपल्याला नवा नसणार.

२५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी या क्षेत्राला बरीच मोकळीक दिली आणि ती योग्यच होती. शेतातील फवारणी आणि गावठाणांची मोजणी सोपी झाली, याबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. विमानतळाभोवतीचा पिवळा पट्टा, म्हणजे जेथे ड्रोन उडवायला परवानगी लागते तो टापू, त्या वेळी ४५ किलोमीटरवरून १२ किलोमीटरवर आणण्यात आला आणि त्यातही ८ ते १२ किलोमीटरच्या भागात २०० फुटांपर्यंत परवानगीची गरज उरली नाही. त्याच नियमांत आणखी एक तरतूद आहे. परवानगी नसेल तर ड्रोन उडूच नये, उडालेला ड्रोन कोठे आहे हे सतत कळत राहावे आणि बंदी असलेल्या हद्दीत त्याला शिरताच येऊ नये, अशा सुरक्षा सोयी केंद्र सरकार अधिसूचना काढून सक्तीच्या करू शकते आणि त्यासाठी किमान सहा महिन्यांची मुदत द्यायची आहे. सवलती लगेच अमलात आल्या, सुरक्षेची अट मात्र ‘पुढे पाहू’ या खात्यात जमा झाली. माझे सारे म्हणणे या एका तरतुदीबद्दल आहे.

धोका नेमका कोठे आहे, ते साध्या हिशेबातून दिसते. उतरणारे विमान साधारणपणे तीन अंशांच्या उताराने खाली येते. म्हणजे टेकण्याच्या जागेपासून दोन किलोमीटरवर ते जेमतेम ३५० फुटांवर असते आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी सुमारे २५० किलोमीटर असतो. कुर्ला-घाटकोपरच्या गच्चीवरून उडालेले खेळण्याएवढे यंत्र त्या उंचीला काही सेकंदांत पोहोचते. वैमानिकाला ते दिसेपर्यंत वळण्याची वेळ निघून गेलेली असते. मोठ्या प्रवासी विमानाची पुढची काच सुमारे १.८ किलो वजनाच्या पक्ष्याची धडक सोसेल, अशी तपासलेली असते. पण पक्षी मांसाचा असतो, तर ड्रोनमध्ये धातूच्या मोटारी आणि लिथियमची बॅटरी असते. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनासाठी झालेल्या २०१७ च्या अभ्यासात, तेवढ्याच वजनाच्या पक्ष्यापेक्षा ड्रोन विमानाच्या सांगाड्याचे जास्त नुकसान करतो, असे आढळले.

लहान ड्रोनने काय होणार, असे म्हणणाऱ्यांनी ९ जानेवारी २०२५ ची लॉस एंजेलिसची घटना पाहावी. वणवा विझवणाऱ्या विमानावर एक हौशी ड्रोन आदळला, पंखाला भोक पडले आणि ऐन वणव्यात ते विमान जमिनीवर ठेवावे लागले. त्या ड्रोनचे वजन २५० ग्रॅमपेक्षा कमी होते. आपल्याकडे याच वजनाच्या ‘नॅनो’ वर्गाला वैमानिक परवाना लागत नाही. उडवणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हते; त्याला आग पाहायची होती आणि ड्रोन नजरेआड गेला.

आणि धडक व्हावीच लागते असे नाही. डिसेंबर २०१८ मध्ये लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर ड्रोन दिसल्याच्या बातमीने सुमारे १,००० उड्डाणे आणि १,४०,००० प्रवासी अडकले, आणि दोषी सापडला नाही. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी इंफाळ विमानतळाजवळ अनोळखी वस्तू दिसल्यावर काही तास उड्डाणे थांबली आणि हवाई दलाची लढाऊ विमाने पाठवावी लागली. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि तिच्यावर दिवसाला ९०० हून अधिक विमानांची ये-जा चालते. येथे अर्धा तास काम थांबले, तर त्याचा फटका रात्रीपर्यंत देशभर बसत राहील.

पोलीस वेळोवेळी बंदीचे आदेश काढतात, पण ड्रोन विकत घेणाऱ्याने ते वाचलेले नसतात आणि ड्रोनला तर ते ठाऊकच नसतात. ड्रोन पाडणारी यंत्रणा संरक्षण तळांवर शोभते. दाट वस्तीवर तो पाडला तर खाली माणसे आहेत, आणि विमानतळालगत रेडिओ लहरी अडवायच्या तर विमानांच्या यंत्रणांनाही जपावे लागते. कंपन्यांच्या भरवशावरही राहता येत नाही. विमानतळाजवळ ड्रोन आपोआप अडवणारी सोय जगातील सर्वांत मोठ्या उत्पादक कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत काढून टाकली आणि तेथे केवळ सूचना दाखवायला सुरुवात केली. जी सोय कायद्याने बांधलेली नाही, ती एका सॉफ्टवेअर बदलाने जाते, एवढे तरी यातून कळावे.

म्हणून विनंती अशी, की या सुरक्षा सोयी सक्तीच्या करणारी अधिसूचना आता जारी करावी आणि नॅनो वर्गाला निदान विमानतळांच्या १२ किलोमीटरच्या आत तिच्यातून सूट देऊ नये. जुन्या ड्रोनसाठी वर्षभराची मुदत दिली तरी चालेल. फवारणीच्या ड्रोनचे काम यामुळे अडत नाही, कारण ते धावपट्टीजवळ उडतच नाहीत. शिवाय अमेरिकेत वैमानिकांना दिसलेल्या ड्रोनची यादी प्रशासन नियमितपणे प्रसिद्ध करते. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानेही दर तिमाहीला विमानतळनिहाय अशी यादी जाहीर करावी. मुंबई, नवी मुंबई आणि लोहगाव यांपासून सुरुवात केली तरी पुरे.

आपला विश्वासू,
नेरूळ येथील एक नागरिक